पहिलवानाचं नाक

तिचं काम एका दमात सांगून संपेल असं होतं. पक्षी मुठीत घ्यायचा, त्याच्या नाकाकडे बघायचं आणि नर की मादी ते सांगायचं. एवढंच. सव्वीस वर्षं ती हेच करत होती, आणि सव्वीस वर्षं नवा माणूस भेटला की तोच एक प्रश्न विचारायचा, "याचासुद्धा पगार मिळतो?"

"नाही," ती म्हणायची, "मी हौस म्हणून बोटं चावून घेते."

बोटं खरंच बघण्यासारखी होती. दोन्ही हातांच्या तर्जन्या आणि अंगठे टाचणीने टोचून काढल्यासारखे. बजी म्हणजे मूठभर रंगीत पोपट. त्याची मादी चावली की सोडत नाही, नर चावतो आणि लगेच पळवाट शोधतो. शेडमधले बाप्ये यावर जे विनोद करायचे ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. ती त्यांना त्याहून न लिहिण्यासारखी उत्तरं द्यायची.

शेड म्हणजे पत्र्याचं लांबलचक छप्पर, मधोमध सिमेंटची वाट आणि दोन्ही बाजूंना छतापर्यंत पिंजरे. हवेत सतत पिसांची भुकटी. सकाळी नवं कोरं बांधलेलं फडकं दुपारी पिठाच्या गिरणीत ठेवल्यासारखं व्हायचं. टोकाला एक उंच खिडकी होती, तिथून ऊन थेट यायचं नाही पण उजेड दिवसभर यायचा. त्या खिडकीखाली तिचं टेबल. तिला भिंग लागायचं नाही, म्हणून तिचं नाव भिंगताई. कामावर आलेल्या एका नव्या माणसाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "ते भिंग कुठे ठेवलंय?" पिंजरे धुणारा म्हणाला, "ते काय, खुर्चीवर बसलंय. जपून हात लाव, शिव्या देतं."

गिऱ्हाइकं या पक्ष्यांना सर्रास लव्हबर्ड म्हणायची. तिथे तिचं डोकं फिरायचं. "लव्हबर्ड वेगळा हो. आखूड शेपटीचा, गुबगुबीत. त्यात नर-मादी दिसायला सारखीच, तिथे मलाही घाम फुटतो. हा बजी. हा आपलं गुपित नाकावर घेऊन फिरतो."

नाक म्हणजे चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती असलेली मऊ मांसाची पट्टी. वयात आलेल्या नराची निळी. मादीची तपकिरी, आणि घरटं करायच्या दिवसांत तर वाळलेल्या सालीसारखी खरखरीत. इतकं कुणालाही जमतं. पण शेडमध्ये छाटणी व्हायची ती सहा-सात आठवड्यांच्या पिल्लांची, आणि तिथे नाक लबाडी करतं. नराचं नाक तेव्हा गुलाबी-जांभळं असतं, सगळीकडे एकसारखं. आणि मादीचं फिकट निळसर. शिकाऊ माणूस निळं बघतो, 'नर' म्हणतो आणि तोंडावर आपटतो. त्यात पिवळ्याजर्द आणि पांढऱ्याफेक पक्ष्यांची आणखी तऱ्हा. त्यांचे नर म्हातारे झाले तरी नाक गुलाबीच. भिंगताई अशी पिल्लं तासाला शंभर बघायची आणि पायात कडी चढवायची. कडीवर आकडा. त्या आकड्याची चिठ्ठी पक्ष्याबरोबर जायची, तिच्यावर 'नर' किंवा 'मादी', आणि खाली तिची सही.

ती सही ती सावकाश करायची. आयुष्यात तिला सही करायला दुसरं काही कुणी दिलंच नव्हतं.

धोबीखान्यावरच्या दोन खोल्यांत ती राहायची. खालून दिवसभर वाफ आणि साबणाचा वास. बहीण गेली तेव्हा बहिणीची दहा वर्षांची मुलगी तिच्याकडे आली आणि राहिली. नवरा होता, तो मात्र राहिला नाही. तो गेला त्या दिवशी ती कामावर वेळेवर हजर होती. भाची सतरा वर्षांची झाल्यावर तिने तिला शेडमध्ये आणलं, स्वतःच्या शेजारी स्टुलावर बसवलं आणि एक पिल्लू तिच्या मुठीत दिलं.

"काय आहे?"

"निळं दिसतंय. नर."

"घाल खड्ड्यात. निळं बघू नकोस, कडं बघ. नाकपुडीच्या भोकाभोवती पांढरं कडं दिसतंय?"

"हो."

"मग ती बाई आहे. रंग पहिल्यांदा डोळ्यांत भरतो, म्हणून तोच बघायचा नाही."

भाचीचा डोळा चांगला होता. दोन वर्षांत ती शंभरात दोन चुकायला लागली, चौथ्या वर्षी शंभरात एकही नाही. भिंगताई तिला हे कधी बोलून दाखवायची नाही. शेजारणीला मात्र सांगून सांगून तिने वात आणला होता.

शेडमागच्या मोठ्या झाडावर हिरव्या रानपोपटांचा थवा यायचा. जेवणाच्या सुट्टीत दोघी मावशी-भाची तिथे डबा घेऊन बसायच्या. पोपटांच्या नरांच्या गळ्यात काळी-गुलाबी कंठी असते, मादीला नसते. "यांचं बरंय," भाची म्हणायची, "दाखला गळ्यातच." मग भिंगताई तिचा आनंद घालवायची, "कंठी यायला तीन वर्षं लागतात. तोवर सगळे बिनकंठीचे. तिथेही गप्प बसून वाट बघावी लागते."

बजीच्या रानातल्या भावकीबद्दल तिला सांगितलं ते जनावरांच्या डॉक्टरांनी. बाजाराच्या मागे त्यांचा छोटा दवाखाना होता. भिंतीवर एक जुनं चित्र, ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या माळाचं. पाण्याच्या डबक्यावर हजारो पक्षी, सगळे हिरवे, तोंड पिवळं, पाठीवर काळ्या रेघा. शेडमधल्या पक्ष्यांच्या निम्मे वाटावेत एवढेसे.

"एकही निळा नाही?" तिने विचारलं होतं.

"निळा, पांढरा, जांभळा, हे सगळे आपले उद्योग. रानात फक्त हिरवा. पाणी संपलं की उठायचं, पाऊस पडला तिथे उतरायचं, ढोलीत अंडी घालायची."

"आणि नाक?"

"नाक हेच. नराचं निळं, मादीचं तपकिरी. पण तिथे तुमच्यासारखी कुणी खुर्चीवर बसलेली नसते, भिंगबाई. मादी स्वतः बघते. आणि लंगडणाऱ्या नराकडे ती ढुंकून बघत नाही."

"आमच्याकडे त्याला वेगळा पिंजरा मिळतो," ती म्हणाली, "आणि पाळीपाळीने चार बायका."

डॉक्टर हसले होते. तेव्हा दोघांनाही तो विनोदच वाटला होता.

पहिलवानाला आणलं मालकाच्या जावयाने. कुठल्याशा प्रदर्शनातून. आभाळासारखा निळा, डोकं एवढं मोठं की डोळे पिसांत बुडालेले, छाती पुढे काढून दांडीवर असा बसायचा की जणू तो दांडीवरच उपकार करतो आहे. जावई तसाच चालायचा, त्यामुळे नाव कुणावरून पडलं यावर शेडमध्ये दोन मतं होती. पहिलवानाच्या मुलांना 'आभाळी' म्हणायचे, आणि त्यांना गिऱ्हाइकांचा तोटाच नव्हता. मागणी एवढी, की जावयाने पहिलवानाच्या मुली पहिलवानाखालीच लावल्या आणि त्यांच्या पिल्लांनाही पुन्हा आपसांतच. भिंगताईने एकदा विचारलं, "साहेब, बाहेरचं रक्त आणणार का नाही?" जावई म्हणाला, "बाई, तुम्ही नाकं बघा."

तिने नाकं बघितली.

तीन वर्षांनी पहिला पक्षी परत आला. एक नर्सबाई तो खोक्यात घालून घेऊन आल्या, तणतणत. "मी बोलणारा नर मागितला होता. दोन वर्षं नाक निळं होतं, आता बघा! तुम्ही मला मादी गळ्यात मारलीत."

नाक तपकिरी होतं. भिंगताईने कडी वाचली, आभाळी, सही तिची. पक्षी मुठीत घेतला. छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं. पोट मात्र फुगलेलं. डावा पाय बोट पकडत नव्हता, उजवा पकडत होता. श्वासागणिक शेपूट वरखाली. तिने बोट पुढे केलं. पक्षी चावला आणि त्याने लगेच बोट सोडून दिलं.

"नर आहे," ती म्हणाली. "मादीचं नाक जन्मभर कधी असं स्वच्छ निळं नसतं. याच्या पोटात गाठ आहे. नरपणाच्या जागीच धरते ती गाठ, आणि मग नाक मादीसारखं होतं. मी तीन-चार म्हाताऱ्यांत बघितलंय. एवढ्या तरुणात नाही."

"मग हा मरणार?"

"हो."

नर्सबाईंनी खोकं जवळ ओढलं. जावयाने पुढे होऊन त्यांना दुसरा पक्षी दिला, हसून निरोप दिला आणि वळून म्हणाला, "गिऱ्हाइकासमोर मरण काढायची काय गरज होती?"

पाच महिन्यांत आणखी सहा आले. सगळे आभाळी. सगळ्यांची नाकं तपकिरी, आणि चारांचे पाय लुळे. आलेला पक्षी दुसऱ्या दिवशी दिसायचा नाही. शेडमागे एक पिंप होतं, त्याचं झाकण उघडं राहिलं की मांजरं गोळा व्हायची. सातवा आला तेव्हा तिने तो कुणाला न विचारता, न सांगता चपलांच्या खोक्यात घालून घरी नेला. आणि दुसऱ्या दिवशी ती थेट मालकासमोर उभी राहिली. मालक म्हातारे, कानाने अधू, सही जावयाची चालायची. जावई शेजारीच होता.

"मालक, पहिलवानाची ओळ, त्याचा सगळा वंश, बंद करा. रोग रक्तात आहे."

मालकांनी जावयाकडे बघितलं. जावई खुर्चीत रेलला. "बाई, दोनच गोष्टी असू शकतात. एक तर माझी ओळ सडकी आहे, नाहीतर तुमची नजर गेलीय. तुमचं वय किती?"

"माझं वय माझ्या पायांना विचारा. डोळ्यांचा संबंध नाही."

"नजर गेली असेल तर सोपं आहे. चूक कबूल, पक्षी बदलून, विषय संपला. ओळ सडकी असेल तर उद्यापासून ही शेड बंद. चाळीस माणसं घरी. कोणतं बरं?"

"खरं काय ते बरं."

"खरं," जावई म्हणाला, जणू तिने नाटकातलं वाक्य म्हटलं, आणि त्याने एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'माझ्या नजरचुकीमुळे सात माद्यांची नोंद नर अशी झाली. यात शेडचा दोष नाही.' खाली जागा सोडली होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच चिठ्ठीखेरीज दुसऱ्या कशावर कुणीतरी तिची सही मागत होतं.

तिने कागदाच्या उभ्या दोन फाळ्या केल्या, मग आडव्या चार, आणि ते तुकडे जावयाच्या चहाच्या कपात टाकले. "पिऊन टाका. पोटात राहील, कुणाला दिसणार नाही."

हे सगळं कचेरीच्या खिडकीबाहेर उभ्या असलेल्या शेडमधल्या बायकांनी बघितलं आणि आठवडाभर एकमेकींना करून दाखवलं. पण तिच्या बाजूने एकही बाई आत आली नाही, हेही खरं. चाळीस माणसं घरी, हा आकडा प्रत्येकीने ऐकला होता.

तिला त्याच दिवशी काढलं नाही. तेवढी हुशारी जावयात होती. त्याने चार दिवस जाऊ दिले. पाचव्या दिवशी संध्याकाळी भाची घरी आली ती चप्पल न काढताच मोरीपाशी उभी राहिली. भिंगताई खोक्यातल्या पक्ष्याला चमच्याने पाणी पाजत होती.

"मावशी, मी सही केली."

"कशावर?"

"तुला दोन वर्षांपासून नीट दिसत नाही म्हणून. मी शेजारी बसते, म्हणून माझीच हवी होती त्यांना."

भिंगताईने चमचा खाली ठेवला. "मला दिसत नाही?"

"ते म्हणाले, एक सही, नाहीतर दोघी घरी. मी काय करू? दोघींचं एकदम बंद झालं तर या खोल्या राहतील? मी टिकले तर घर टिकेल."

"टेबल कुणाला दिलं?"

भाची चप्पल काढायला वाकली.

"तुला दिलं. अगं बोल की! चांगली गोष्ट आहे. मीच शिकवलंय ना तुला. शेजारी बसवून नाकं दाखवली. माझे डोळे काढून घेऊन खुर्चीवर ठेवलेस आणि वर तू बसलीस. बस. नीट बस. ती खुर्ची डाव्या बाजूला कलते."

"मावशी, असं नको ना बोलूस."

"मग कसं बोलू? तू सांग. तुला दिसतंय, मी आंधळी."

त्या रात्री दोघी एकाच खोलीत पाठीला पाठ लावून झोपल्या, कारण दुसऱ्या खोलीत गादी घालायला जागा नव्हती. सकाळी भाची कामावर गेली. भिंगताई पहिल्यांदा गेली नाही.

खोक्यातला पक्षी आणखी नऊ दिवस जगला. शेवटचे दोन दिवस तो दांडीवर बसू शकत नव्हता, म्हणून तिने फडक्याची चुंबळ करून त्यात त्याला टेकवला. तो मेला तेव्हा तिला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याची तिला लाज वाटली. ती तशीच डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी टेबलावर पक्षी उताणा ठेवून बारीक कात्रीने पोट उघडलं. "या, बघा." आत घेवड्याच्या दाण्याएवढी पिवळट, रक्ताच्या शिरा असलेली गाठ. शेजारी जोडीतलं दुसरं वृषण, मोहरीएवढं सुकलेलं. "नर," डॉक्टर म्हणाले. "शंकाच नाही. तुमचा डोळा शाबूत आहे, भिंगबाई." त्यांनी तसं लिहून दिलं, सही-शिक्क्यानिशी, आणि गाठ औषधाच्या बाटलीत घालून दिली. तेव्हा नुसत्या पिसावरून नर-मादी सांगणाऱ्या तपासण्या निघाल्या नव्हत्या. बाटली हाच पुरावा.

ती बाटली पिशवीत घालून ती शेडमध्ये गेली. भर दुपारी, छाटणी चालू असताना. फाटकावरच्या माणसाने तिला अडवायचं सोडून दार उघडून धरलं, सवयीने. तिने बाटली आणि कागद टेबलावर ठेवला. खुर्चीवर भाची होती. तिने पिल्लू हातातच धरून ठेवलं.

जावयाने कागद वाचला, घडी घातली. "एक पक्षी. एकावरून काय सिद्ध होतं? बाकीचे सहा आणा, मग बोलू."

"ते पिंपात घातलेत तुम्ही."

"कोणतं पिंप?" जावई म्हणाला. आजूबाजूला पंचवीस माणसं उभी होती. पिंप कुणालाच माहीत नव्हतं.

तेव्हा तिची नजर पहिलवानाच्या पिंजऱ्यावर गेली. खिडकीच्या उजेडात तो दांडीच्या टोकाला बसला होता, छाती जरा कमी काढून, एका पायावर. तिने जवळ जाऊन पाहिलं. आणि ती हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

"सगळे इकडे या. यालाही माझी नजरचूक म्हणा. चारशे पिल्लांचा बाप आहे हा. याला मादी म्हणून दाखवा." ती भाचीकडे वळली. "तू सांग. माझ्यावर कुणाचा विश्वास नाही, तुझा डोळा चांगला आहे. याचं नाक बघ."

भाची उठली. पिंजऱ्यापाशी आली. निळ्या पट्टीच्या खालच्या कडेला, चोचीला लागून, तपकिरी रेघ चढली होती. नखाने ओढावी एवढी. शिकाऊ माणसाला दिसली नसती. भाची शिकाऊ नव्हती. तिने बघितलं आणि ती रेघ तिला दिसली. भिंगताईला ते तिच्या पापण्यांवरून कळलं, कारण बारीक खूण सापडली की पापणी अशी किंचित आवळायची, ही सवय तिनेच तिला लावली होती.

"काय आहे?"

जावई भाचीच्या शेजारी येऊन उभा राहिला. बोलायची गरज नव्हती.

"निळं आहे, मावशी," भाची म्हणाली. "सगळं निळं आहे."

भिंगताईने तिच्याकडे नीट बघितलं, पिल्लाकडे बघावं तसं, घाई न करता. मग बाटली उचलून पिशवीत टाकली आणि सिमेंटच्या वाटेने चालत बाहेर गेली. पिंजरे धुणारा बाजूला झाला. त्याने मान खाली घातली होती. निदान त्याने ती घातली तरी.

पहिलवान दोन महिन्यांनी मेला. उष्मा झाला, असं जावयाने सांगितलं. त्याची मुलं, नातवंडं अजून विकली जातात. भाची शेडच्या आवारातल्या खोलीत राहायला गेली. दर महिन्याला धोबीखान्यावर कुणाच्या तरी हाती पाकीट पाठवते, आणि भिंगताई ते न उघडता त्याच माणसाच्या हाती परत पाठवते.

ती आता डॉक्टरांच्या दवाखान्यात बसते. दाराशी स्टूल, उजेड बरा. पिंजरे पुसते, नंबर लावते आणि डॉक्टर यायच्या आधी पक्षी बघून ठेवते. परवा एक निवृत्त बसचालक आला, खोकं छातीशी धरून. आत आभाळी, नाक तपकिरी, डावा पाय लोंबता. सोबत शेडची चिठ्ठी. छापलेल्या 'नर' या शब्दावर काट, वर हाताने लिहिलेलं 'मादी', आणि खाली ओळ: 'पूर्वीच्या पारखीची नजरचूक.' शिक्का. अक्षर वळणदार, नीट. 'प'चं पोट गोल काढलेलं. ते वळण धोबीखान्यावरच्या खोलीत पाटीवर गिरवून घेतलेलं होतं.

"शेडवाले म्हणाले, मादी आहे, होतं असं," बसचालक म्हणाला. "पण हा खातच नाही हो. बायको गेल्यापासून घरात हाच बोलतो, आणि आता तोही..."

भिंगताईने पक्षी घेतला, बोट पुढे केलं. तो चावला आणि त्याने लगेच बोट सोडून दिलं.

"नर आहे," ती म्हणाली.

"मग हे कुणी लिहिलं? ज्याला दिसत नाही त्याने?"

"नाही," ती म्हणाली. "जिला सगळ्यांत चांगलं दिसतं, तिने."

तिने चिठ्ठी घडी करून त्याच्या हातात परत दिली आणि आतल्या खोलीचं दार ढकललं. "या, आत आणा. डाव्या बाजूने धरू नका, दुखतं त्याला."